पराटीवाले सर

सर फुटबॉल शिकवत, पन एका पोरीचं अंग दुसरीच्या अंगाले लागलं की त्याईच्या कपाळाले आठी पडे. शिट्टी गळ्यात होती, ती मी कधी वाजताना आयकली नाई. दोन टाळ्या वाजवत आन वरडत, "वद्दु! वद्दु!" वद्दु म्हंजे नको. सर मंचेरियलकडचे, घरची बोली तेलुगू. मराठी ते आमच्या पोरीईपासून शिकले, म्हनून आमच्यासारखीच बोलत, फक्त मले अम्मा म्हनत. गावच्या शाळेत दुपारचा सैपाक मी करी. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, खेळातलं मले काय समजते? पन अकरा वर्सं मी सरले रोज वाढलं. जेवताना मानूस समजते.

आमचं गाव नेरडीगोंड्याच्या मोठ्या रोडापासून आत. शाळेच्या मैदानात निम्म्यावर पान्याची टाकी उभी राह्यली, निम्म्यावर लोकाईचे बैल बसत. खेळाले जागा नोती. मंग सर एका वावरवाल्याकडं गेले. कापसाची शेवटची वेचनी झाली की पराट्या, म्हंजे त्याची झाडं, महिना-दीड महिना तशाच उभ्या राह्यतात, मंग उपटतात. सर म्हनले, तेवढे दिवस पोरीईले पराटीत खेळू द्या. वावरवाला हासला. म्हने, "सर, अजून चार-दोन बोंडं हायेत झाडाले. एक फाटी मोडली, तर पराटीच्या आंदी तुमाले उपटीन."

सर म्हनले, "नाई मोडणार. ह्या पोरी वेचनाऱ्या हायेत."

आन खरंच. आमच्या पोरी मायच्या मागं मागं वेचनीले जाऊन वाढलेल्या. दोन ओळीतून अंग कसं काढाचं, फाटीले कसा हिसका लागू द्याचा नाई, हे त्याईले शिकवा लागत नाई. सराईनं त्याच चालीवर चेंडू बसवला. पोरगी पराटीतून चेंडू घेऊन पळे आन पान हालत नसे. जिच्यानं फाटी मोडली तिले सर म्हनत, "जा, मालकाले सांगून ये, मी म्हैस हाय." पोरगी बांधावर जाऊन सांगे, "काका, मी म्हैस हाय." तो म्हने, "मंग दूध दे न वो माय." साऱ्या हासत. पन दुसऱ्या दिवशी ती पोरगी फाटी मोडत नसे. तवापासून गावानं त्याईचं नाव पराटीवाले सर पाडलं.

लय गोड मानूस होता असं मी म्हननार नाई. हेकेखोर होते. पोरीचा बाप भेटाले आला तर त्याले अर्धा घंटा उनात उभा ठेवत, खेळ थांबवत नसत. कोनाच्या घरचा चहा घेत नसत. केस काळे करत, पन कानापाशी डब्बा सरे वाटते, तिथं पांढरेच राहत. पोरी मागून त्याईले बगळा म्हनत, त्याईले माहीत होतं. चेंडू उसवला तर पोतं शिवाची दाभन घेऊन सैपाकघराच्या पायरीवर बसत आन स्वता शिवत. जेवाले सगळ्याईच्या मांगून येत. एक दिवस मी म्हनलं, "सर, तुमी तेलुगू मानसं, आन माह्या वरनाले तिखट म्हनता?"

"अम्मा, तिखट चालते. हे तर भांडन हाय," ते म्हनले, आन दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

माही नात सुजाता त्या टीममंदी होती. तिची माय, म्हंजे माही लेक, साप चावून गेली, तवा सुजाता चार वर्साची. बापानं दुसरी केली आन तो किनवटकडं निघून गेला. मी तिले वाढवलं. रोडावर खडी फोडली, डोक्शावर पानी वायलं, दुसऱ्याच्या वावरात वेचलं. त्याचं काई नाई, आमच्यातल्या साऱ्याच बायाईनं केलं. पन पोरगी आठवीत गेली, तसा तिचा बाप एका सालात दोनदा येऊन गेला. म्हने, "स्थळ हाय. अठरा लागले की उरकून टाकू." मी म्हनलं, पोरगी शिकते. तो म्हने, "कोनाच्या जिवावर? तू किती दिवसाची?"

तेबी खोटं नोतं.

सराईनं मले एकच रस्ता सांगतला. हैदराबादकडं खेळाची शाळा हाय, तिथं राहनं, खानं, शिकनं सारं सरकारचं. त्याईचे लोक जुन्या जिल्ह्याच्या मोठ्या मॅचीले पोरी पायले येतात. "फायनलमंदी गेलो अम्मा, की ते बसतात पायले. सुजाताचे पाय त्याईले दिसले पायजे. बाकी मले काई बोला लागनार नाई." त्या दिवसापासून मले दुसरं काई सुचत नोतं. पोरगी तिथं गेली की बापाचा हात पोचत नाई, एवढंच मले समजत होतं.

त्या वर्सी आमच्या पोरी फायनलच्या एक मॅच अलीकडं हारल्या. समोर मंचेरियलच्या कोळशाच्या खानीकडची टीम होती. उंच, भरलेल्या पोरी. त्या चेंडूकडं पायतच नोत्या, अंगावर येत. खांदा लावत आन आमची पोरगी उडून पडे, वाऱ्यानं सुपातलं फोलपट उडते तशी. सुजाताचा ओठ फाटला. रेफ्रीनं शिट्टी मारली नाई. येताना आमी टेम्पोत बसलो. सुजाता माह्या कुशीले बसून म्हने, "आजी, त्या पोरी भिताडासारख्या हायेत. भिताडातून कसं निघाचं?"

सर समोर बसले होते. म्हनले, "भिताडातून निघाचं नसते. बाजूनं निघाचं असते. आज आपन बाजू धुंडत राह्यलो, उद्या भेटन."

दुसऱ्या दिवशी गावानं सभा घेतली, शाळेच्या वट्यावर. सरपंच बाई हाय, पन बोलते तिचा नवरा, सारे त्यालेच सरपंच म्हनतात. तो म्हने, "सर, तुमच्या पोरी खेळतात का रांगोळ्या घालतात? पुढच्या वर्सी दांडगा खेळ पायजे. धक्क्याले धक्का."

सर उभे राह्यले. असं लांब बोलताना मी त्याईले तवाच पायलं. म्हनले, "त्या पोरी वजनदार हायेत, आपल्या हलक्या. हलक्या पोरीपाशी एकच गोष्ट हाय, ती चेंडूपाशी पयले पोचते. तिले धक्काबुक्कीत अडकवलं तर तेबी गेलं. आन धक्का देनारीचं ध्यान धक्क्यात राह्यते, चेंडू तोवर निघून जाते."

मागून कोनतरी म्हने, "चेंडू निघून जाते आन कपबी निघून जाते!" लोक हासले.

मंग मी उठली. मले कोनी इचारलं नोतं. पदर खोचला आन म्हनलं, "सर, मी जनमभर हलकीच होती. मले कोनी सरकून जागा देल्ली नाई. उन्हाळ्यात टँकर येते, तवा जिले कोपर चालवता येते तिचाच हंडा भरते. तुमी पोरीईले अंग चोराले शिकवून राह्यले. उद्या सासरी, कामावर, कोन टाळ्या वाजवून वद्दु म्हननार हाय?"

बायाईनं टाळ्या वाजवल्या. सरपंचाचा नवरा म्हने, "घ्या! आजीबाईले समजते, सरले समजत नाई."

सर माह्याकडं पायत राह्यले. रागानं नाई. म्हनले, "अम्मा, टँकरवर समोरची बाई पडली तरी तुमाले उद्या तिच्याच बाजूले उभं राहाचं असते, म्हनून तुमचं कोपर मापात राह्यते. इथं तसं नाई."

ते बोलनं मले तवा समजलं नाई. मले वाटलं, हारलेला मानूस शब्द जोडून राह्यला. सरपंचाच्या नवऱ्यानं इचारलं, "म्हंजे तुमी शिकवनार नाई?"

"मले येत नाई ते," सर म्हनले आन खाली बसले.

मंग शिकवलं कोनी? आमी शिकवलं. मी आन टँकरवरच्या तीन बाया. दुपारचे ताटं धुतले की सैपाकघराच्या मांगं पोरीईले उभं करत. रिकामे हंडे कमरेवर देत. पाय कसे रोवाचे, नजर दुसरीकडं कशी ठेवाची, खांदा खाली पाडून कोपर बरगडीच्या खालून आत कसं घालाचं, अन् घातल्यावर आपनच 'आई गं' कसं म्हनाचं. हे 'आई गं' फार कामाचं हाय, पायनाऱ्याले वाटते हिलेच लागलं. पोरी हासून हासून लोळत. सुजाता लवकर शिकली. माह्याच हाडाची.

एक दिवस सर दाभन मांगाले आले आन कोपऱ्यावर थांबले. मी तवा सुजाताले म्हनत होती, "असं नाई माय, अजून आतून." सराईनं पायलं. मले वाटलं आता वरडतीन. वरडले नाई. दाभन न घेताच गेले. त्या दिवशी जेवाले आले नाई.

आज मले कोनी इचारलं की त्याईनं अडवलं काऊन नाई, तर मले दोन गोष्टी दिसतात. गावाच्या समोर हारले होते, ते एक. आन दुसरं, मले ते अम्मा म्हनत, माह्या कामाच्या आड येत नसत, ते मले माहीत होतं. त्याचाच मी फायदा घेतला.

पुढच्या वर्सी आमी फायनलमंदी गेलो. समोर तीच खानीकडची टीम. मी पुऱ्याईची पिशवी घेऊन गेली होती. मंडपात दोन पाहुने बसले होते, एक बाई, एक मानूस, हातात कागद. सराईनं मले डोळ्यानं दाखवलं, तेच, खेळाच्या शाळेचे.

आमच्या पोरी तुटून पडल्या. समोरच्या पोरी हबकल्याच, त्याईले वाटलं होतं मागच्या सारखं फोलपट उडन. आमचा गाव वरडत होता. मीबी वरडली. शेवटाले चेंडू वरून आला, सुजाता आन त्याईची एक बारीकशी पोरगी, दोघी खाली उभ्या. सुजाताची नजर दुसरीकडं होती. ते मले दिसलं, कारन मीच शिकवलं होतं. मंग ती 'आई गं' म्हनली. चेंडू आमच्या पोरीनं जाळीत घातला. आमी जितलो.

ती बारीक पोरगी उठली नाई. तिचं तोंड उघडं होतं, पन आवाज निघत नोता. बरगडी मोडली होती. तिले गाडीत घालून नेलं तवा आमचे लोक ढोल वाजवत होते.

मंडपातली बाई सरकडं आली. मी दोन हातावर उभी होती, तिचं तेलुगू मले समजलं. ती म्हनली, "आमाले सांगतलं होतं, तुमची एक टीम हाय, अंगाले अंग लागू देत नाई, पान्यासारखी निघते. आमी ते पायले आलो होतो. त्या पोरी कुठं हायेत?"

सर म्हनले, "ह्याच हायेत."

"ह्या?" ती म्हनली. "धक्का देनाऱ्या आमच्याकडं पुष्कळ हायेत सर. अन् हे कोपर असं चुकून लागत नाई. हे शिकवलेलं हाय. कोनं शिकवलं?"

मले चांगलं आठवते, पुऱ्याईचं तेल पिशवीतून माह्या पायावर गळत होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं. मंग मनात आलं, आपलं नाव सांगतलं तर ते लोक सुजाताचं नाव लिहून घेतीन, आजीनं शिकवलं, नातीनं मारलं. मंग पुढच्या वर्सीबी तिले कोनी घेनार नाई. मास्तरनं शिकवलं तर पोरीचा काय दोस? मास्तरले तर नोकरी हाय. हा सारा इचार मी एका पावलात केला.

"मी शिकवलं," सर म्हनले.

मी पाऊल मांगं घेतलं.

गावात कप आला. पंचायतीच्या कपाटात ठेवला, काचेच्या आत. सरच्या नावानं वरून कागद आला. पोरीईले मारामारी शिकवते असं त्यात होतं म्हने. खेळ त्याईच्याकडून काढला आन बदली केली दूर, जिथं पोरीईची शाळाच नाई.

जानाऱ्या दिवशी ते सैपाकघरात आले. मी वाढलं. दुसरं कोनी नोतं. मी म्हनलं, "सर, तुमी मले वाचवलं. माह्यानं हे फिटनार नाई."

सराईनं घास खाली ठेवला. "अम्मा, मी तुमाले नाई वाचवलं. सैपाकवालीनं शिकवलं असं लिहिलं असतं, तर म्हनले असते इथं मास्तरचं ध्यानच नाई, आन टीमच बंद केली असती. पोरीईले मैदान राहावं म्हनून बोललो." मंग म्हनले, "आन तुमी पुढं आल्या होत्या. मी पायलं. मांगं गेल्या, तेबी पायलं."

वरन तसंच सोडून उठले. अकरा वर्सात ताटात टाकलं नोतं. बसपाशी गावातलं कोनी गेलं नाई. मीबी नाई गेली. कोनत्या तोंडानं जाऊ?

ज्याच्यासाठी तोंड शिवलं ते तरी भेटलं का? सुजातानं चेंडूले पुन्हा पाय लावला नाई. मी लय म्हनलं, नवा मास्तर हाय, अजून एक वर्स हाय. ती म्हने, "आजी, त्या पोरीचं नाव काय होतं?" मले माहीत नोतं. गावात कोनालेच माहीत नोतं. आमी इचारलंच नोतं. अठरा लागले तसा बाप आला आन लगन लावून देलं. आता ती किनवटकडल्या गावात हाय. फोन येते. बरी हाय म्हनते. बरी हाय हे बाई कसं म्हनते ते मले समजते, मीबी तसंच म्हनत होती.

नव्या मास्तरच्या गळ्यातली शिट्टी दिवसभर वाजते. पोरी धक्के देतात, घेतात. कधी जिततात, कधी हारतात. त्या मंडपातल्या लोकाईतलं आमच्या पोरी पायले पुन्हा कोनी आलं नाई.

मांगच्या उन्हाळ्यात सर गेले. छातीत कळ आली म्हने, बसल्या जागी. आमाले पंधरा दिवसानं समजलं, तेबी नव्या मास्तरच्या फोनवर. मी त्या दिवशी सैपाक केला, वाढला, ताटं धुतले. रडू आलं नाई. मंग महिन्याभरानं एका रयवारी मी मंचेरियलच्या बसमंदी बसली. सरच्या घरी नाई गेली. त्या पोरीचं घर पुसत गेली. खानीच्या लोकाईच्या खोल्या हायेत, एका लायनीत. बरगडी मोडलेली पोरगी म्हनल्यावर एका बाईनं दार दाखवलं.

तिच्या मायनं दार उघडलं. तेलुगू मले बाजारापुरती येते, तेवढ्यात मी सांगतलं. "सर खोटं बोलले. कोपर मी शिकवलं, माह्या नातीनं मारलं. सराईनं नको म्हनलं होतं."

मंग तिनं सांगतलं, सर तीन डाव आले होते, संत्री घेऊन. तिच्या नवऱ्यानं त्याईले उंबऱ्याच्या आत घेतलं नाई. तिसऱ्या डावाले गळपट धरून रोडापर्यंत लोटत नेलं, सारी लाइन दारात उभी होती. सर खाली वाकले. संत्री उचलत राह्यले.

"ते जिते होते तवा काऊन नाई आल्या?" तिनं इचारलं.

मी म्हनलं, गुडघे दुखतात. म्हनलं, बस सरळ नाई. म्हनलं, शाळेचा सैपाक सुटत नाई. ती आयकत होती. मंग माह्याजवळचं सारं सरलं.

तिनं आत पाहून हाक मारली, "लावण्या, इकडं ये. ह्या आजी काय म्हनतात ते आयक." ओल्या हातानं एक पोरगी बाहेर आली. अजून तशीच बारीक. माह्यासमोर उभी राह्यली आन वाट पायत राह्यली.

मी पुन्हा पयल्यापासून सांगाले लागली. मायले सांगनं सोपं होतं.